टाळी दोनवर आणि चारवर: विद्यापीठातल्या मोफत जॅझ मैफलींच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम हाती आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात चार जॅझ मैफली घ्यायच्या, सगळ्यांना मोफत. पैसे माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाचे. त्यांच्या अटी दोनच, आणि दोन्ही मला पटलेल्या: तिकीट, पास, निमंत्रणपत्रिका काही नको, आणि पहिल्या रांगेत सोफे नकोत. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड. सोफा, त्याच्यापुढं टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि काजूची बशी यांच्याशिवाय कार्यक्रम सुरू होऊ शकतो, यावर कुठल्याच मंडपवाल्याचा विश्वास नाही. त्याला आजच सांगून ठेवलं.

तारखांवर दुपार गेली. १४ जानेवारीच्या आसपास काहीच ठेवायचं नाही. नामविस्तार दिनाला, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं त्या दिवशी, मराठवाडाभरातून माणूस विद्यापीठाच्या गेटवर येतो, १९९४ पासून येतोय. त्या दिवसांत या रस्त्यावर दुसरं काही ठेवूही नये. एप्रिलचा दुसरा आठवडा फुले जयंती आणि आंबेडकर जयंतीचा, तोही सोडला. एका मॅडमनी ३० एप्रिल सुचवला. युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, २०१२ पासून साजरा होतो. दिवस चांगला, पण तेव्हा इथं ऊन चाळिशीच्या पुढं आणि वसतिगृहं निम्मी रिकामी. शेवटी चार शनिवार पक्के: १ फेब्रुवारी, २२ फेब्रुवारी, २२ मार्च, ५ एप्रिल. मार्चमधला रमजानात येतो, त्या दिवशीची वेळ वेगळी ठरवावी लागेल.

ही वही पुढच्या वर्षी जो कोणी हे काम घेईल त्याच्यासाठी आहे. त्यामुळं कुरकुरीसकट लिहितो.

११ जानेवारी

जागा. सगळ्यांच्या मनात मोकळं मैदान होतं: मागं लेण्यांचा डोंगर, संध्याकाळचा वारा, समोर सतरंज्या. फोटो झकास आले असते. पण ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम काढून वाचले. शैक्षणिक संस्था, दवाखाने आणि न्यायालयं यांच्या भोवतीचा किमान शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथं दिवसा मर्यादा ५० डेसिबल, रात्री ४०. पन्नास डेसिबल म्हणजे दोन माणसं निवांत गप्पा मारतात तेवढा आवाज. ड्रमसेट स्पीकरला न जोडता नुसता वाजला तरी जवळ उभ्या माणसाला शंभरच्या आसपास जातो. म्हणजे अशा क्षेत्रातल्या मैदानात ड्रमर बसला की नियम मोडलाच.

बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर, अडचण येत नाही. म्हणून नाट्यशास्त्र विभागाकडचं सभागृह घेतलं. जॅझ बरंचसं छोट्या खोल्यांत वाढलं, त्यामुळं हे बरंच झालं असं माझं मत. तीन बाजूंनी काळे पडदे आहेत, आवाज घुमत नाही. टाळी वाजवून पाहिली: कोरडी, स्वच्छ.

१८ जानेवारी

पोस्टरवर काय लिहायचं यावरून बैठक लांबली. 'जॅझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागं हळू वाजतं ते का?' हा प्रश्न तिघांनी तीन तऱ्हांनी विचारला. खोटा नाही. आपल्या देशात ते हॉटेलातूनच आलं. लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक १९३५ मध्ये आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. मग गोव्याच्या वादकांनी ती विद्या उचलली आणि रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, अशी दोन्हीकडं वापरली. अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांच्या जोडीला होते. भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. आणि सी. रामचंद्र पुणतांब्याचे, म्हणजे आपल्या वैजापूरपासून काही लांब नाहीत. ज्यांच्या घरी त्या सिनेमाची गाणी वाजली त्यांनी जॅझ ऐकलेलंच आहे, कुणी नाव सांगितलं नव्हतं एवढंच. हा मजकूर पोस्टरवर घेतला.

दुसरी गोष्ट नाजूक. एका विद्यार्थ्यानं लिहून आणलं होतं, 'बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये जॅझ ऐकत असत.' काढायला लावलं. याला आधार नाही, आणि या परिसरात बाबासाहेबांबद्दल आधाराशिवाय एक ओळही छापायची नसते. मग पाटीवर तारखा मांडल्या. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६. कोलंबियाला लागूनच हार्लेम, जिथं त्याच काळात कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. जॅझची पहिली तबकडी त्याच शहरात २६ फेब्रुवारी १९१७ ला ध्वनिमुद्रित झाली. तोवर बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेलेले. आणि ती तबकडी काढणारे पाचही वादक गोरे. संगीत काळ्यांचं, पहिली तबकडी गोऱ्यांची. पोरगा पाटीकडं बघत म्हणाला, "म्हणजे तिथं बी तसंच हाय की सर." यावर मी काही जोडलं नाही.

त्याला दुसरं खरं दिलं: १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन. दोन ओळी. त्या पोस्टरवर राहिल्या.

विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना सुरुवातीला चाळीस मिनिटांचं प्रास्ताविक करायचं होतं. चार मिनिटांवर आणलं. नाराज आहेत.

२५ जानेवारी

सामान. शहरात भाड्यानं मिळणारा आणि सुरात असलेला पियानो हाती लागला नाही. पुण्याहून अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, दाबायला वजनदार असा डिजिटल पियानो येणार. डबल बास वादक स्वतःचा आणतायत. तो रेल्वेच्या डब्यात चढवणं म्हणजे सोबतीला आणखी एक उभं माणूस नेण्यासारखं, म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. ड्रमखाली घालायला जाड सतरंजी हवी, नाहीतर बास ड्रम वाजता वाजता पुढं सरकतो.

स्पीकर पाहायला गेलो तर ठरवलेल्या माणसानं मिरवणुकीचा संच काढून ठेवलेला, बासचे डबे छातीएवढे. त्याला म्हणालो, अर्ध्यानंही कमी आण. "मग पैसे?" "तेवढेच." त्याला हे गणित फार आवडलं. ध्वनी सांभाळणारा मुलगा मात्र हुशार आहे. फक्त त्याला सांगावं लागलं की इको पूर्ण बंद. आपल्याकडं माईक हातात आला की इको आपोआप चढतो.

आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना घेतला. आपण तिकीट लावत नाही, पण कलाकार मानधन घेणारे आहेत आणि वाजणाऱ्या चालींवर कुणाचा तरी हक्क आहे. पावती फाइलमध्ये.

२ फेब्रुवारी

काल पहिली मैफल. सॅक्सोफोन, पियानो, डबल बास, ड्रम्स. मंडळी मुंबई-पुण्याची.

साउंडचेकलाच सॅक्सोफोनवाले चिंतेत. त्यांची रीड, म्हणजे मुखातली बोरूसारख्या गवताच्या काडीची पातळ पट्टी, इथल्या कोरड्या हवेत कडेनं वळली. मुंबईच्या दमटपणात मुरलेल्या रीड इकडं आल्या की रुसतात. पाण्यात भिजवून, डबीत ओल्या कापसासोबत ठेवून काम भागलं. पुढच्या वेळी कलाकारांना आधीच कळवायचं: हवा कोरडी, जास्तीच्या रीड आणा. लाकडी वाद्य थेट एसीच्या झोतात ठेवायचं नाही हेही.

खुर्च्या निम्म्याच भरल्या. आले ते मन लावून ऐकत होते, पण कुठं काय करायचं हे ठाऊक नव्हतं. पहिल्या एकलवादनानंतर शांतता. दुसऱ्यानंतर कुणीतरी भीतभीत टाळ्या वाजवल्या, मागून आणखी चारजण, आणि तिसऱ्यापासून सगळं सभागृह. मग ठेका धरून टाळी सुरू झाली, ती पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, भजनात धरतो तशी. जॅझमध्ये जोर दुसऱ्या-चौथ्यावर असतो. तीनशे हात एकीकडं ओढतायत आणि ड्रमर दुसरीकडं. तो बिचारा हसत हसत आपली जागा धरून बसला, पण पियानोवाल्याच्या कपाळावर आठी दिसली.

कार्यक्रमाचा कळस मात्र शेवटाआधीच झाला. सॅक्सोफोनवर एक लांबलचक वादन संपलं आणि मागच्या रांगेतून एका आजोबांनी खणखणीत आवाजात आरोळी दिली, "वन्स मोअर!" नाटकातल्या पदाला देतात तशी. सॅक्सोफोनवाले थांबले, माईकजवळ आले आणि म्हणाले, चाल पुन्हा वाजवतो, पण आत्ता वाजवलं ते पुन्हा येणार नाही, माझ्याकडंही ते आता नाही. आजोबा म्हणाले, "चालतंय की, आमचे गवई बी तसंच सांगायचे." आणि खरंच दुसऱ्यांदा वाजवलं. वेगळंच वाजलं. माझ्या मते चार मिनिटांच्या प्रास्ताविकापेक्षा या प्रसंगानं जास्त काम केलं. नाट्यसंगीताच्या श्रोत्यांना हे कळायला वेळ लागत नाही, कारण पद तेच आणि गाणं रोज निराळं, याची सवय या महाराष्ट्राला आहेच.

५ फेब्रुवारी

आढावा. साडेसातनंतर पोरं उठून गेली ती कंटाळून नाही. मेस बंद व्हायची वेळ. मुलींच्या वसतिगृहाची परतीची वेळ. बाहेरगावाहून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांची शेवटची एसटी. प्रवेश मोफत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवण चुकवून ऐकायचं असेल तर ते मोफत कुठं राहिलं? पुढची मैफल सव्वासहाला सुरू, पावणेआठला संपवणार. मेसवाल्या काकांशी बोललो, त्या रात्री अर्धा तास वाढवून देतो म्हणाले.

१२ फेब्रुवारी

संगीत विभागात दुपारची कार्यशाळा. या सगळ्या उपद्व्यापात मला सर्वांत जास्त मिळालं ते इथं.

प्रश्न असा होता की ऐकणाऱ्यानं धरायचं काय. ख्यालात सम असते, कव्वालीत मुखडा परत येतो. इथं? ड्रमर आणि बासवाले दोघं मुद्दाम यासाठी आले होते. बासवाल्यांनी बारा मापांचा ब्लूज मांडला. एका मापात चार मात्रा, म्हणजे एक फेरा अठ्ठेचाळीस मात्रांचा. तबल्याची एक मुलगी बोटांवर मोजत होती, ती एकदम म्हणाली, "सर, हे तर तीनतालाची तीन आवर्तनं झाली." सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. तबला ओढून तिनं ठेका धरला आणि बासवाल्यांचा फेरा बरोब्बर तिच्या समेवर परतला.

मजा पुढंच आहे. ब्लूजच्या कडव्यात तीन ओळी: पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ चार मापांची. म्हणजे एका ओळीला तीनतालाचं एक आवर्तन. मुलांनी लगेच मराठी ओळी घालून पाहिल्या. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर एक ब्लूज जागच्या जागी तयार झाला: टाकीत पाणी नाही, खरंच टाकीत पाणी नाही, आणि तिसऱ्या ओळीत आंघोळ कुणाच्या खोलीवर करायची ते. हा इथं छापण्याजोगा नाही.

जिथं साम्य संपतं तेही नीट दाखवलं, हे बरं केलं. नाहीतर 'आपल्याकडं हे सगळं आधीच होतं' या वळणावर जायला आपल्याला दोन मिनिटं पुरतात. आपल्या रागात षड्ज हलत नाही. तानपुरा सगळा वेळ एकच जमीन देतो. ब्लूजमध्ये खालची जमीन सरकते: चार मापं सा, मग दोन मापं मध्यमावर, दोन परत सा, एक पंचम, एक मध्यम, शेवटची दोन सा. वाजवणारा वरती मोकळा असला तरी खाली काय चाललंय याचं भान त्याला सुटत नाही. हार्मोनियमवर एकानं हे स्वरसमूह धरले, तबला चालू, बास चालू, आणि सतारीच्या एका विद्यार्थ्याला म्हणालो, वाजव. सगळी जमीन बदलत गेली तरी तो सा सोडेना. ऐकायला वाईट नव्हतं, पण तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, घरातलं सामान कुणी हलवल्यासारखं वाटतंय.

झोल, म्हणजे ते ज्याला स्विंग म्हणतात ते, शब्दांत सांगता येत नाही. प्रत्येक मात्रेचे साधारण तीन भाग करायचे आणि दोन-एक असे वाटायचे, एवढं कागदावर. बाकी कानांनी.

शेवटी टाळी. त्या तबल्याच्या मुलीनं सोपी युक्ती काढली: एक आणि तीनवर पाय आपटा, मग दोन आणि चारवर हात आपोआप येतात. पुढच्या मैफलीत प्रास्ताविकाऐवजी हेच करायचं ठरलं. ज्येष्ठ सर याला आनंदानं तयार झाले, पाय आपटण्यात तेच पुढं होते. मागचा राग गेला.

२३ फेब्रुवारी

दुसरी मैफल, गायिका आणि तिघं वादक. वेळ बदलल्याचा फायदा उघड दिसला. कुणी मधून उठलं नाही. टाळी दोन-चारवर बसली. गायिकेनं गाणं थांबवून सभागृहाकडं बोट केलं आणि नुसत्या टाळ्यांवर एक फेरा गायला.

पाहुण्यांपैकी एकजण उशिरा आले, सोफा शोधत पुढं आले, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेवटपर्यंत थांबले. नोंद एवढ्यासाठी, की हे होऊ शकतं.

४ मार्च

तिसऱ्या मैफलीसाठी लग्नाचा बँड हवा, ही कल्पना साउंडवाल्या मुलाची. त्याचे मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. विचार केला तर सरळ आहे: शहरात तोंडानं फुंकायची पितळी वाद्यं रोज हातात असणारी माणसं कोण? विद्यापीठात एकही नाही. ती सगळी बँड पथकांत.

आज त्यांच्या दुकानी गेलो. भिंतीवर लाल कोट, सोनेरी झालरी. मास्तरांना न्यू ऑर्लिन्सची गोष्ट सांगितली. काँगो स्क्वेअरमध्ये गुलाम माणसं रविवारी जमून ढोल वाजवत, नाचत. पुढं त्याच शहरात बँड पथकं उभी राहिली, आणि अंत्ययात्रेला जाताना संथ, शोकाचं वाजवायचं नि परतताना जलद, उडतं, अशी रीत पडली. मास्तर म्हणाले, "आमच्यात बी म्हातारं माणूस गेलं की वाजत नेतात. पण येताना आम्ही वाजवत नाय. येताना कोण पैसे देणार?"

सूर जुळवायला अडचण नाही. त्यांची क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट काळी पाचची. टेनर सॅक्सोफोनही काळी पाचचाच. मास्तर नोटेशन वाचत नाहीत, सरगमही लिहीत नाहीत. फोनवर चाल ऐकवली, दुसऱ्यांदा ऐकतानाच बोटं हलायला लागली होती.

तारखेची मला भीती होती, लग्नसराई चालू आहे. मास्तरांनी भिंतीवरचं पंचांग उघडलं. त्या आठवड्यात शुक्राचा अस्त, मुहूर्त नाहीत. २२ मार्च मोकळा.

मानधनावर मी आधीच ठरवून गेलो होतो: मुंबईच्या वादकाला जेवढं, तेवढंच प्रत्येकी. मास्तरांना वाटलं पूर्ण पथकाचं सांगतोय. दोनदा सांगावं लागलं. समितीत एकानं विचारलं, 'ते एवढ्यात तयार होतील ना, मग जास्त कशाला?' उत्तर दिलं नाही, आकडा तोच ठेवला.

२३ मार्च

काल तिसरी. रमजानमुळं साउंडचेक साडेचारलाच आटोपला. साउंडवाल्या मुलाचा आणि बँडमधल्या दोघांचा रोजा होता. इफ्तारसाठी मागच्या खोलीत सोय केली आणि मैफल सव्वासातला लावली. मेसवाल्या काकांना पुन्हा विनंती.

सभागृह भरून पायऱ्यांवर माणसं. पहिला अर्धा भाग नेहमीच्या चौघांचा. दुसऱ्यात बँडचे चारजण आले, कोट घालूनच. ठरलं होतं की मास्तर दोन फेरे वाजवतील. पहिल्या फेऱ्यात ते चालीला धरून होते; बँडची सवय तशीच असते, सगळे मिळून एकच सूर, रस्त्याच्या पलीकडं पोचेल असा. दुसऱ्यात त्यांनी चाल सोडली. तिसऱ्यात गेले. चौथ्यात गेले. पियानोवाले ड्रमरकडं बघतायत, ड्रमर मान हलवतोय, चालू दे. पाचव्या की सहाव्या फेऱ्याला मास्तरांनी मध्यमावरच्या दोन मापांत असा एक स्वर लावून धरला की बासवाले मोठ्यानं "आहा" म्हणाले. वरातीत घोड्यापुढं पोरं पैसे उडवायला लागली की त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा घुटमळायची मास्तरांची चाळीस वर्षांची तालीम. कधी थांबायचं हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, एवढंच त्यांना ठाऊक, आणि समोरचे कुणी थांबा म्हणत नव्हते.

तक्रारीही आल्या. एक जाणकार गृहस्थ जाताना म्हणाले, शेवटी बँडबाजाच केलात. माझं मत वेगळं आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक खरं होतं: ट्रम्पेट फार मोठा लागला, पियानो झाकला गेला. बँडची माणसं उघड्यावर वाजवतात, छोट्या सभागृहात त्यांना माईक द्यायलाच नको होता. पुढच्या वर्षी त्यांना मागं, माईकशिवाय उभं करायचं.

६ एप्रिल

चौथी मैफल. पियानो, बास, ड्रम्स, तेही काठ्यांऐवजी ब्रशनं. परीक्षा तोंडावर, माणसं कमी. संथ, चांगली. उकाड्यानं पंखे लावावेच लागले आणि त्यांची घरघर संथ जागांत ऐकू येत राहिली. आजोबा याही वेळी होते.

११ एप्रिल

हिशेब पूर्ण, पावत्या फाइलमध्ये. उरलेल्या पैशांतून ड्रमखालची जाड सतरंजी विकत घेतली. ती नाट्यशास्त्र विभागाच्या कपाटात आहे, नाटकाच्या तालमीत वापरली तर चालेल, फक्त रंग सांडू नये. डिजिटल पियानो परत गेला. बँडच्या दुकानाचा पत्ता फाइलच्या आतल्या पानावर.

मास्तरांचा काल फोन होता. ती चाल एका वरातीत वाजवली म्हणाले. नवरदेवाच्या मित्रांना कळलं नाही, पण नाचले.

पुढच्या वर्षी काम घेणाऱ्यानं तारखा ठरवताना तीन कागद सोबत घ्यावेत: परीक्षांचं वेळापत्रक, मेसची वेळ आणि पंचांग.